गोलरक्षकाकडे पाहून प्रीमियर लीगचा सामना कसा वाचावा

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला सामना पाहताना गोलरक्षकाची आठवण आपल्याला बहुधा दोनच प्रसंगी होते: त्याने अशक्य वाटणारा फटका अडवला तेव्हा, किंवा त्याच्या हातून चेंडू सुटून गोल झाला तेव्हा. उरलेल्या वेळात तो काय करतो याकडे सहसा लक्ष जात नाही, आणि संघाच्या खेळावरचा त्याचा खरा प्रभाव त्याच वेळात घडत असतो. बचावफळी किती पुढे उभी राहील, मधल्या फळीतले खेळाडू चेंडू घ्यायला मागे येतील की पुढेच थांबतील, प्रतिस्पर्धी दबाव टाकायला धजावेल की नाही, हे सारे बऱ्याच अंशी गोलरक्षक कसा आहे यावर ठरते. तो प्रभाव पाहायचा कसा, हे येथे सांगतो. त्यासाठी प्रशिक्षकाचे ज्ञान लागत नाही. एक सामना, कागद-पेन्सिल आणि चेंडूवरची नजर अधूनमधून काढून घेण्याचा सराव एवढे पुरेसे आहे.

सामना निवडताना बड्या संघांच्याच मागे लागू नये. शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होणाऱ्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण खुद्द ब्रिटनमध्ये होत नाही. भारतात मात्र ते संध्याकाळी साडेसातला, आणि हिवाळ्यात तिकडची घड्याळे मागे गेल्यावर साडेआठला पाहता येतात. ही सोय आपल्याला आहे तर तिचा उपयोग करावा, कारण गुणतक्त्याच्या मध्यावरच्या दोन संघांच्या लढतीत गोलरक्षकांना काम अधिक पडते आणि दोघांच्या पद्धतींतला फरक लवकर ध्यानात येतो.

आधी नियम

आजचा गोलरक्षक नियमांनी घडवला आहे. १९९२ मध्ये बॅकपासचा नियम आला आणि सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेण्याची मुभा संपली. त्याच वर्षी प्रीमियर लीगला सुरुवात झाली, म्हणजे ही स्पर्धा पहिल्या दिवसापासून या नियमासोबतच वाढली. त्याआधी आघाडी मिळालेला संघ चेंडू मागे देई, गोलरक्षक तो उचलून पुन्हा सहकाऱ्याकडे सरकवी, आणि घड्याळ पुढे जात राही. ही पळवाट बंद झाली खरी, पण नियमाचा खोलवरचा परिणाम दिसायला बराच काळ गेला, कारण कितीतरी वर्षे बहुतेक गोलरक्षक मागे आलेला चेंडू लांब भिरकावून मोकळे होत.

दुसरा बदल २०१९-२० च्या हंगामातला. आक्रमकाचा स्पर्श होऊन चेंडू गोलरेषेबाहेर गेला की बचाव करणाऱ्या संघाला जी किक मिळते ती गोलकिक. तोवर गोलकिकचा चेंडू पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय सहकाऱ्याला तो खेळता येत नसे. आता किक मारून चेंडू हलला की खेळ सुरू होतो. त्यामुळे बचावपटू बॉक्सच्या आत, गोलरक्षकाच्या अगदी जवळ उभे राहून चेंडू घेऊ शकतात, आणि प्रतिस्पर्ध्यांना मात्र तोवर बॉक्सबाहेर थांबावे लागते. तिसरा बदल २०२५-२६ पासूनचा: गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात धरून ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो, आणि शेवटची पाच सेकंदे पंच हात उंचावून मोजून दाखवतात. पूर्वीची सहा सेकंदांची मर्यादा जवळजवळ कागदावरच राहिली होती.

गोलकिकच्या वेळी नजर हलवू नये

गोलकिक म्हणजे विसावा, असे समजून आपण इकडेतिकडे पाहू लागतो. माझ्या मते गोलरक्षक आणि संघ यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते याच क्षणी, आणि दूरचित्रवाणीचा कॅमेराही त्या वेळी बहुधा मागे सरकून अर्धे मैदान दाखवत असतो. सामन्याच्या पहिल्या वीस मिनिटांतल्या दोन्ही बाजूंच्या गोलकिक कागदावर नोंदवाव्यात: किक आखूड होती की लांब, बॉक्समध्ये किती सहकारी थांबले होते, प्रतिस्पर्ध्यांचे किती जण पुढे येऊन टपले होते, आणि चेंडू शेवटी कोणाकडे राहिला. ही शेवटची नोंद विसरू नये. लांब किकवर उंच उडी मारून डोक्याने चेंडू जिंकणारा खेळाडू डोळ्यांत भरतो, पण तिथून खाली पडलेला चेंडू ज्या संघाने उचलला त्याचाच फायदा झालेला असतो.

यामागचे गणित सोपे आहे. दोन्हीकडे दहा-दहा खेळाडू आणि एकेक गोलरक्षक. प्रतिस्पर्ध्याचा गोलरक्षक आपले गोल सोडून दबाव टाकायला येणार नाही, म्हणून ज्या संघाचा गोलरक्षक पायाने निर्धास्त खेळतो त्याच्याकडे मागच्या भागात नेहमी एक माणूस जास्त असतो. प्रतिस्पर्धी स्ट्रायकर गोलरक्षकाच्या अंगावर धावून आला तर त्याने सोडलेला बचावपटू मोकळा होतो. तो धावून आला नाही तर गोलरक्षकाला डोके वर करून पाहायला वेळ मिळतो. म्हणून चांगला स्ट्रायकर सरळ धावत नाही. तो वळसा घेत येतो, म्हणजे एका सेंटर-बॅककडे (मधल्या बचावपटूकडे) जाणारी वाट त्याच्या अंगानेच बंद होते आणि गोलरक्षकाला चेंडू दुसऱ्याच बाजूला द्यावा लागतो. ही वळणदार धाव ओळखू येऊ लागली की पुढचा पास कुठे जाणार याचा अंदाज आपल्यालाही आधीच बांधता येतो.

प्रशिक्षक रोबेर्तो डी झेर्बी यांच्या ब्रायटनने २०२२ ते २०२४ या काळात हेच गणित टोकाला नेले. त्यांचा गोलरक्षक किंवा सेंटर-बॅक चेंडूवर बुटाचा तळ ठेवून चक्क उभा राहत असे. प्रेक्षक अस्वस्थ होत, पण त्या थांबण्याला अर्थ होता: प्रतिस्पर्ध्याला पुढे यायचा मोह पाडायचा आणि तो आला की त्याच्या मागे उघडी पडलेली जागा वापरायची. २०२३ च्या वसंतात त्यांनी रॉबर्ट सान्चेझच्या जागी जेसन स्टील याला उभे केले, ते या धीराच्या खेळासाठी. असा संघ पाहताना गोलरक्षक पास केव्हा देतो, यापेक्षा तो किती वेळ देत नाही, हे मोजावे.

प्रतिस्पर्धीही शिकत गेले. आता अनेक संघ गोलकिकच्या वेळी मैदानभर एकास एक असा पहारा लावतात. अशा वेळी आखूड पासाचा हट्ट धरणे घातक ठरते, आणि लांब पास अचूक मारू शकणाऱ्या गोलरक्षकाचे मोल वाढते, कारण पुढे आपला स्ट्रायकर एकाच बचावपटूसमोर उभा असतो. त्यातच गोलकिकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईड लागू होत नाही, म्हणजे स्ट्रायकर बचावफळीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला तरी चालते. मँचेस्टर सिटीचा एडरसन या बाबतीत कित्येक वर्षे सर्वांच्या पुढे होता. हातातून सोडलेल्या चेंडूवर त्याने २०१८ मध्ये मारलेली ७५.३५ मीटरची किक जागतिक विक्रम म्हणून नोंदली गेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हडर्सफील्डविरुद्ध त्याच्या लांब किकवर सर्जिओ अग्वेरोने गोल केला. या ताकदीचा लाभ सिटीला त्याने चेंडू आखूड दिला तेव्हाही मिळे, हे समजून घ्यावे. डोक्यावरून चेंडू जाईल या धास्तीने प्रतिस्पर्ध्याचे बचावपटू मागे राहत, त्यांच्या पुढच्या आणि मागच्या फळीत अंतर पडे, आणि त्या मोकळ्या पट्ट्यात सिटीचे मधल्या फळीतले खेळाडू निवांत चेंडू घेत.

सर्वांना हे जमत नाही, हेही तितकेच खरे आहे. २०२४-२५ मध्ये बढती मिळवून आलेल्या साउदॅम्प्टनने सुरुवातीला मागून पास देत खेळण्याचे धोरण सोडले नाही. आपल्याच गोलसमोर चेंडू गमावल्याची किंमत त्यांनी वारंवार मोजली, डिसेंबरमध्ये प्रशिक्षक रसेल मार्टिन यांना जावे लागले, आणि हंगामाअखेर संघाच्या खात्यात अवघे १२ गुण होते. गोलरक्षकाचे पाय आणि त्याच्यासमोरच्या बचावपटूंचे पाय एकाच तोडीचे नसतील तर ही पद्धत अंगाशी येते.

उभे राहण्याची जागा

आपला संघ प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात चेंडू फिरवत असताना त्याचा गोलरक्षक कुठे आहे, हे पडद्यावर क्वचितच दिसते. त्याचा अंदाज दोन प्रसंगांवरून घ्यावा. प्रतिस्पर्ध्याने बचावफळीच्या मागे लांब चेंडू टाकला की कॅमेरा झपाट्याने सरकतो, आणि गोलरक्षक चौकटीत शिरतो त्या पहिल्या क्षणी तो बॉक्सच्या रेषेजवळ आहे की गोलरेषेच्या आसपास, हे पाहावे. दुसरा प्रसंग रिप्लेचा. रुंद कोनातून दाखवलेल्या रिप्लेत पास मारला जाण्याआधी तो कुठे उभा होता, हे बहुधा कळते.

ही जागा महत्त्वाची आहे, कारण बचावफळीची उंची तिच्यावर अवलंबून असते. बचावपटू मध्यरेषेजवळ आले तर त्यांच्या पाठीमागे चाळीस-पंचेचाळीस मीटर मोकळे रान पडते, आणि ते राखायला गोलरक्षकाशिवाय कोणी नसते. तो बाहेर येऊन चेंडू साफ करील याची खात्री असेल तरच बचावपटू पुढे येतात. खात्री नसेल तर प्रशिक्षकाने कितीही ओरडून सांगितले तरी ते नकळत चार पावले मागे सरकतात, त्यांच्याबरोबर मधली फळी सरकते, आणि पुढे दबाव टाकणारे तिघे-चौघे एकटे पडतात. दबाव टाकून खेळणाऱ्या संघाची मुळे अशी गोलरक्षकाच्या धाडसापर्यंत पोचलेली असतात, आणि समालोचनात या गोष्टीचा उल्लेख फार कमी होतो याचे मला मनापासून वाईट वाटते.

याचे टोकाचे उदाहरण ६ नोव्हेंबर २०२३ च्या टॉटनहॅम-चेल्सी सामन्यात सापडेल. टॉटनहॅमचे दोन बचावपटू लाल कार्ड मिळून बाहेर गेले, तरीही प्रशिक्षक अँजे पोस्टेकोग्लू यांनी उरलेल्या नऊ जणांची फळी मध्यरेषेजवळच ठेवली, आणि गोलरक्षक गुल्येल्मो विकारिओ पुन्हा पुन्हा बॉक्सबाहेर धावत येऊन चेंडू दूर करत राहिला. सव्वा तास उलटेपर्यंत, म्हणजे ७५ व्या मिनिटापर्यंत १-१ अशी बरोबरी टिकली. शेवटी चेल्सीने ४-१ ने बाजी मारली. तो सामना पुन्हा पाहता आला तर दुसऱ्या लाल कार्डानंतर फक्त विकारिओकडे पाहावे. या विषयावर याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

या धाडसाला धोकाही आहेच. न्यूकॅसलने २०२१-२२ मध्ये ६२ गोल खाल्ले होते आणि पुढच्या हंगामात केवळ ३३. या सुधारणेत नव्याने आलेल्या निक पोपचा, त्याच्या फटके अडवण्याचा आणि गोल सोडून बाहेर येण्याचाही वाटा होता. परंतु १८ फेब्रुवारी २०२३ रोजी लिव्हरपूलविरुद्ध असाच बाहेर आला असताना डोक्याने चेंडू नीट लागला नाही, बॉक्सबाहेर हाताचा स्पर्श झाला, लाल कार्ड मिळाले, आणि पुढच्याच आठवड्यातला लीग कपचा अंतिम सामना त्याला मुकावा लागला. अशी एक चूक पाहून गोलरक्षकाला बेजबाबदार ठरवण्याची घाई करू नये. त्याने बाहेर येऊन निकालात काढलेले चेंडू कोणाच्या लक्षात राहत नाहीत, कारण त्यांतून काहीच घडलेले नसते.

चेंडू हातात आल्यावर

फटका अडवला किंवा क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू) पकडला, की पुढच्या तीन सेकंदांत गोलरक्षकाची मान कुठे वळते ते पाहावे. पीटर श्मायकल १९९१ ते १९९९ या काळात मँचेस्टर युनायटेडच्या गोलमध्ये होता. चेंडू हाती येताच पुढे धावत, मध्यरेषेच्या दिशेने कडेच्या खेळाडूकडे तो लांबवर फेकणे, ही त्याची खूण होती. प्रतिस्पर्ध्याचे खेळाडू कॉर्नरसाठी पुढे आलेले असताना अशी एक फेक बचावातून थेट आक्रमण उभे करते. १९ जानेवारी २०२० रोजी अ‍ॅनफिल्डवर युनायटेड बरोबरीच्या शोधात पुढे सरसावलेले असताना लिव्हरपूलच्या अ‍ॅलिसनने चेंडू हाती येताच लांब किक मारली, मोहम्मद सलाह तिच्यामागे एकटा धावत गेला आणि भरपाई वेळेत दुसरा गोल झाला. विजयाचा आनंद साजरा करायला सलाहपर्यंत सर्वांत आधी पोचला तो मैदानभर धावत आलेला अ‍ॅलिसनच.

उलट बाजूही पाहावी. दमलेल्या संघाला श्वास घेऊ देण्यासाठी चेंडू पोटाशी धरून आडवे पडणे, हेही संघासाठी केलेले काम आहे. आठ सेकंदांच्या नियमाने ते आखूड केले आहे, आणि त्यामुळे लीगमधला खेळाचा वेग ठरवण्यात गोलरक्षकाचा निर्णय आता अधिक उघडपणे दिसतो.

कॉर्नर

अलीकडे लीगमध्ये कॉर्नरचा चेंडू थेट सहा यार्डांच्या चौकोनात, गोलच्या दिशेने वळत टाकण्याचे प्रमाण वाढले आहे, आणि गोलरक्षकाभोवती तीन-चार आक्रमक दाटीवाटीने उभे केले जातात. निकोलस जोव्हर यांच्या मार्गदर्शनाखाली आर्सेनलने ही कला पराकोटीला नेली. येथे चेंडूकडे न पाहता गोलरक्षकाच्या पहिल्या पावलाकडे पाहावे: ते पुढे पडले की मागे. पुढे पडले आणि चेंडू मुठीने का होईना दूर गेला, तर त्याच्या संघाची फळी लगेच वर सरकते. मागे पडले तर सर्व बचावपटू गोलरेषेकडे खेचले जातात आणि दुसऱ्या फटक्याला वाट मिळते. कॉर्नरआधी तो कोणाला हाताने दूर सारतो, कोणत्या सहकाऱ्याला आपल्यासमोरची गर्दी हटवायला बोलावतो, हेही पाहण्यासारखे असते.

आकडे कसे वाचावेत

क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने, हा आकडा सर्वांत जास्त मिरवला जातो, आणि गोलरक्षकाबद्दल तो सर्वांत कमी सांगतो. २००४-०५ मध्ये चेल्सीने ३८ सामन्यांत अवघे १५ गोल खाल्ले आणि पेट्र चेकच्या नावावर २४ क्लीन शीट लागल्या. चेक थोर गोलरक्षक होताच, पण तो आकडा त्याचा जितका, तितकाच जॉन टेरी, रिकार्डो कार्व्हालो आणि क्लोद मॅकेलेले यांचा. २०२४-२५ चे उदाहरण अधिक बोलके आहे. आर्सेनलचा डेव्हिड राया आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचा मॅट्झ सेल्स या दोघांनीही १३-१३ क्लीन शीट मिळवून गोल्डन ग्लोव्ह पुरस्कार वाटून घेतला. राया पुढे सरकलेल्या फळीमागे उभा राहून चेंडू फिरवण्यात भाग घेत होता. सेल्ससमोर मुरियो आणि मिलेन्कोविच यांची खोलवर बांधलेली भिंत होती, त्याला फटके आणि क्रॉस यांचा मारा झेलायचा होता, आणि चेंडू हाती आला की तो पुढे पाठवायचा होता. आकडा एकच, कामे दोन वेगळी.

फटके अडवण्याचे कौशल्य मोजायचे असेल तर फटका निघाल्यानंतरच्या अपेक्षित गोलांचा आकडा पाहावा. गोलच्या दिशेने आलेला प्रत्येक फटका कुठून आला आणि गोलच्या कोणत्या कोपऱ्याकडे गेला यावरून सरासरी किती गोल व्हायला हवे होते, हे त्यात काढतात. प्रत्यक्षात त्याहून कमी गोल झाले असतील तर तेवढे श्रेय गोलरक्षकाचे. एका महिन्याच्या आकड्यावरून मत बनवू नये, कारण त्यात दैवाचा भाग मोठा असतो. पासांच्या अचूकतेची टक्केवारीही सावधपणे वाचावी. दहा मीटरवरच्या मोकळ्या सेंटर-बॅककडे चेंडू सरकवणाऱ्याची टक्केवारी उत्तमच दिसणार, आणि एव्हर्टनच्या जॉर्डन पिकफर्डप्रमाणे डाव्या पायाने साठ मीटर लांब चेंडू मारणाऱ्याची कमी दिसणार. त्याच्या लांब किकनंतर संघाला चेंडू कुठे परत मिळाला, हा प्रश्न टक्केवारीहून मोलाचा आहे.

गोलरक्षक बदलतो तेव्हा

एखाद्या गोलरक्षकाचा संघावर किती प्रभाव होता, हे तो गेल्यावर सर्वाधिक स्पष्ट होते. २०१६ मध्ये मँचेस्टर सिटीत आल्याबरोबर प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांनी इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक जो हार्ट याला बाजूला केले, कारण त्यांना पायाने खेळणारा गोलरक्षक हवा होता. बार्सिलोनाहून आणलेल्या क्लॉडिओ ब्राव्होचा पहिला हंगाम अडखळत गेला, सिटी तिसऱ्या क्रमांकावर राहिली, आणि टीकाकारांना हा प्रयोग फसला असे वाटले. २०१७ मध्ये एडरसन आला आणि त्या हंगामात सिटीने १०० गुण मिळवले. त्यानंतर लीगभर गोलरक्षक निवडण्याचे निकषच बदलले. २०२२-२३ मध्ये लीगमधल्या सर्वाधिक, म्हणजे १७ क्लीन शीट मिळवूनही डेव्हिड डे हेयाचा मँचेस्टर युनायटेडशी करार पुढे वाढला नाही, आणि त्याच्या जागी आंद्रे ओनाना आला.

म्हणूनच २०२५ च्या सप्टेंबरमध्ये घडलेले मला विशेष लक्षणीय वाटते. पायाने वेगळ्या प्रकारचा खेळ करणारा गोलरक्षक हवा म्हणून पॅरिस सेंट-जर्मेन या क्लबने ज्याला सोडले, तो जानलुइजी डोनारुम्मा ग्वार्डिओला यांनीच सिटीत आणला. १.९६ मीटर उंचीचा डोनारुम्मा ओळखला जातो तो फटके अडवण्यासाठी. असा बदल झाला की संघाच्या जुन्या हंगामातला एक सामना आणि नव्या हंगामातला एक सामना घेऊन गोलकिकची नोंद शेजारी शेजारी मांडावी: आखूड किक किती, लांब किती, सेंटर-बॅक किती मागे येऊन चेंडू मागतात, मधल्या फळीतला कोण खाली उतरतो. खेळाडू तेच असूनही त्यांच्या जागा सरकलेल्या दिसतील.

राखीव गोलरक्षक खेळत असेल त्या दिवशीही हीच नोंद करावी. २०२४-२५ च्या शरद ऋतूत अ‍ॅलिसन जायबंदी असताना लिव्हरपूलच्या गोलमध्ये क्वीव्हीन केलेहर उभा होता, आणि तरीही संघ गुणतक्त्यात आघाडीवर राहिला. केलेहर क्लबच्याच अकादमीतून वर आलेला, त्याच सरावात तयार झालेला. त्यामुळे व्हॅन डाइक आणि कोनाते या सेंटर-बॅकना आपली जागा बदलावी लागली नाही. दुसऱ्या एखाद्या संघात मात्र राखीव गोलरक्षक आला की पहिल्या दहा मिनिटांतच बचावफळी मागे सरकते आणि पहिल्या तिन्ही गोलकिक लांब जातात. तसे दिसले की त्या संघाचा नेहमीचा गोलरक्षक एरवी काय करत होता, ते कागदावर लिहून ठेवता येते.